तीन पाण्यांचं मीठ

नर्स मरामा सकाळी दहाला यायची आणि तामाती नवापासूनच खिडकीत उभा असायचा. बायको गेली, मुलं ऑस्ट्रेलियात गेली, आणि न्यूझीलंडच्या ब्लफ बंदराच्या टोकावरच्या त्या घराकडे कुणी फिरकेनासं झालं. हृदयाच्या प्रयोगात आपण विज्ञानासाठी नाव दिलं, असं तो सांगायचा. खरं तर त्याला हवा होता तो अर्धा तास आणि सोबतीचा चहा.

"काका, हृदयसुद्धा एक हॉर्मोन सोडतं," मरामाने समजावलं होतं. "मीठ बाहेर काढ, असं ते मूत्रपिंडाला सांगतं. कुणाचं जास्त, कुणाचं कमी, ते घराण्यातून येतं. म्हणून आठवडाभर बिनमिठाचं खायचं. डबा मी आणीन. दिवसभराची लघवी या कॅनमध्ये साठवायची, मी रोज तपासायला नेईन. दुसरं काही खाल्लंत तर नाव कापलं जाईल."

"मला बापाकडून ब्लडप्रेशर आलं असेल, पण जीभ माझ्या ताब्यात आहे!"

दुसऱ्याच दिवशी बहिणीची बादली आली. बेटावर धरलेली तीती पक्ष्याची पिल्लं, मिठात दाबून भरलेली. दर मे महिन्यात यायची, आणि न उघडणं म्हणजे बहिणीचा अपमान. तामातीने रीतीप्रमाणे पक्षी उकळला, पाणी फेकलं, पुन्हा उकळला, पुन्हा फेकलं, तिसऱ्यांदाही तेच केलं. सगळं मीठ मोरीत गेलं, मग उरलं काय? त्याने एक खाल्ला. मग दुसराही खाल्ला, कारण एकट्याने एकच खाताना फार उदास वाटलं.

"काका, लघवीच्या कॅनमध्ये मीठ फार निघालं," मरामा म्हणाली.

"इथला वारा खारट आहे."

"वारा कॅनमध्ये शिरला?"

"टाकीत गं! छपरावरचं पाणी पितो मी."

तिने टाकीचं पाणी तपासून आणलं. ते गोडं निघालं.

"मग अश्रू असतील. बायकोच्या आठवणीने रडतो, ते तोंडात जातात." हे तो थाप म्हणून बोलला आणि बोलता बोलता खरोखरच रडला. मरामाने चहा ओतला.

त्यानंतर डब्यातलं जेवण चवदार लागायला लागलं. जिभेला सवय झाली, असं तामातीला वाटलं. आठवड्याच्या शेवटी मात्र त्याला राहवेना.

"पोरी, अर्धी बादली मीच संपवली. पण नाव कापू नकोस. तू आली नाहीस तर मी दिवसभर बोलू कुणाशी?"

"नाव पहिल्याच कॅनला कापलं, काका. वास तर फाटकापासून येत होता."

"आणि डबा?"

"घरून करून आणते."

"रोजचा कॅन?"

"वळणावरच्या झुडपात रिकामा करते. रक्तदाब मात्र खरा मोजते हं. एवढं मीठ खाऊनही वाढत नाही, हृदय हॉर्मोन भरपूर सोडत असणार."

"म्हणजे हृदय आईकडून आलं! पण मग तू येतेस कशाला?"

मरामा दाब मोजायचा पट्टा गुंडाळत राहिली. "वडील होते तोवर मे महिन्यात आमच्या घरालाही हाच वास यायचा. आता खोलीवर मी एकटीच जेवते."

तामाती उठला. बादलीतून दोन पक्षी काढून त्याने पहिलं पाणी चढवलं. तीन पाणी होईपर्यंत दुपार होणार होती, आणि दोघांनाही घाई नव्हती.