उमेश खोरगडे आणि न बिघडणारा फोन

उमेश खोरगडे भेटला की ‘कसे आहात?’ असं कधी विचारत नाही. ‘बॅटरी किती?’ असं विचारतो. सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले की शेजारच्या दारातून हा प्रश्न येतोच. ‘चांगली आहे’ म्हटलं की त्याचं समाधान होत नाही. ‘चांगली म्हणजे किती टक्के, वैनी?’ आता सकाळी साडेसातला, भुरभुर पावसात, केस विंचरलेले नसताना माणसाने टक्के सांगायचे!

आम्ही राहतो परदेशात, ल्यूकन नावाच्या उपनगरात. एकासारखं एक घर, एकासारखं एक दार. उमेश मूळचा अमरावतीचा, चाळिशीचा, एकटा. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटीला. माझा नवरा नीलेश म्हणतो की मी घरातही क्वालिटीतच असते. असते! चूक दिसली की दाखवायची, तिचं मूळ कारण शोधायचं, आणि ती पुन्हा होणार नाही असा बंदोबस्त करायचा. यात वाईट काय आहे, हे मला नीलेशने अजून नीट सांगितलेलं नाही.

तर उमेश आणि मोबाइल. कुठला फोन कधी बाजारात येणार, त्याच्या पाठीवरचा कॅमेऱ्याचा उंचवटा किती मिलिमीटर, कुठल्या चार्जरने तो तापतो, हे त्याला फोन बनवणाऱ्यांच्या आधी ठाऊक असतं. आमचा ‘मोबाइल कट्टा’ नावाचा ग्रुप आहे. ल्यूकन, ब्लँचर्डस्टाउन, पार ड्रोहेडापर्यंतची मराठी मंडळी त्यात आहेत. कुणी चुकून ‘नवा फोन घ्यायचाय, कुठला घेऊ?’ असं विचारलं, की उमेश आधी त्याला अकरा प्रश्न विचारतो. त्यातला एक, ‘उजव्या खिशात ठेवता की डाव्या?’ मग सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज. तो ऐकून होईपर्यंत माणसाची फोन घ्यायची इच्छाच मरते. शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं, ‘सेटिंगमध्ये असतं हो सगळं. माणूस उगाच घाबरतो.’

दोन हजार वीसच्या गणपतीची गोष्ट. कोरोनामुळे घरात सहाच पाहुणे चालतील असा नियम होता, म्हणून मोजून सहा बोलावले. आरती झाली, प्रसाद झाला, आणि उमेश गायब. वर बाथरूममधून शॉवरचा आवाज. गणपतीला येऊन हा माणूस आंघोळ करतोय? अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. शेवटी मी दार ठोठावलं. दार उघडलं तर वाफेचे लोट, आणि त्यात बाह्या सरसावून उभा उमेश. बेसिनवर पाहुण्यांचे आणि माझा मिळून पाच फोन ओळीने मांडलेले. ‘वाफेने हवेतली धूळ खाली बसते, वैनी. स्क्रीनगार्डखाली एक बुडबुडा येत नाही.’ माझं टाकीभर गरम पाणी धुळीसाठी गेलं! इथल्या घरांत पाणी तापवणारं इमर्शन चालू राहिलं यावरून नवरा-बायकोची भांडणं होतात, आणि याने पाच काचांसाठी ते तासभर चालू ठेवलं. त्या दिवशी भांडी मी बर्फासारख्या पाण्यात घासली. पण खरं सांगायचं तर, माझ्या फोनवरची ती काच अजून तशीच आहे. एक बुडबुडा नाही.

मग आला पाच किलोमीटरचा नियम. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे कामाशिवाय जायचं नाही. उमेशला कारखान्यात जावं लागायचं, त्याच्याकडे कंपनीचं पत्र होतं, अर्थातच फोनमध्ये. एकदा नाक्यावर गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, त्याची गाडी अडवली. उमेशने पत्र दाखवलं. गार्ड ‘ग्रँड’, म्हणजे ‘छान’, म्हणाला आणि जा म्हणाला. पण तेवढ्यात उमेशला गार्डाच्या हातातला फोन दिसला. त्याचा उजेड पूर्ण वाढवलेला होता. झालं! ‘बॅटरी किती?’ पुढची सहा मिनिटं उमेश गाडीत बसून, मास्क लावून, पोलिसाला हातभर अंतरावरून सेटिंग शिकवत होता. मागे गाड्यांची रांग, आणि त्या रांगेत तिसरी गाडी माझी. दुसऱ्या दिवसापासून तो गार्ड उमेशची गाडी दिसली की पत्र न बघता अंगठा दाखवायचा.

असा हा तज्ज्ञ. आणि या तज्ज्ञाला स्वतःच्या बापाचा फोन दुरुस्त करता येत नव्हता.

त्याचे बाबा अमरावतीला. उमेशची आई एकोणीस सालच्या शेवटी गेली, तेव्हा तो जाऊन आला, आणि मग विमानंच बंद झाली. रोज दुपारी दीडला, म्हणजे तिकडे संध्याकाळी, बाबांचा फोन बिघडायचा. कामाच्या दिवशी उमेश कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो दुरुस्त करायचा, आणि रविवारी मागच्या अंगणात उभा राहून. त्याच्याकडे एक अ‍ॅप होतं, त्यातून बाबांच्या फोनची स्क्रीन त्याला इथे दिसायची. स्क्रीन बघता यावी म्हणून फोन स्पीकरवर. त्यामुळे रविवारी ते आमच्याही अंगणात ऐकू यायचं.

‘बाबा, वरून खाली ओढा. खाली. नाही, तुम्ही वर ओढलं.’

‘खालीच ओढून राहिलो ना बावा! ते वरच जाते, तं मी काय करू?’

चाळीस मिनिटं. कधी पन्नास. एवढ्याशा आवाजाच्या बटणासाठी! मी कपडे वाळत घालता घालता दात-ओठ खायची. ग्रुपवर सगळे त्याची टिंगल करायचे. ‘गार्डाचा फोन सहा मिनिटांत, बाबांचा दीड वर्षात नाही!’ उमेश नुसता हसणारा चेहरा पाठवायचा. मला तो चेहरा बघून आणखी राग यायचा. रोज तीच तक्रार म्हणजे मूळ कारण कुणी शोधलंच नाही. आमच्या खात्यात अशा माणसाला मी उभंही केलं नसतं.

आणि संधी आली. एकवीसच्या एप्रिलमध्ये उमेशचं पोट दुखायला लागलं. अपेंडिक्स. ब्लँचर्डस्टाउनच्या दवाखान्यात दाखल झाला. तिकडे भारतात दुसरी लाट जोरात होती, घरोघर वाईट बातम्या येत होत्या. ऑपरेशनच्या आधी त्याचा मला फोन आला. पहिल्यांदाच त्याने टक्के विचारले नाहीत.

‘वैनी, दीडला बाबांना फोन कराल? मी दवाखान्यात आहे हे सांगू नका, एकटे आहेत, घाबरतील. मीटिंग आहे म्हणा. फोनचं काय असेल ते जरा बघा. आणि वैनी, घाई करू नका.’

मी? आणि घाई? मी दीड वाजता लॅपटॉपवर तेच अ‍ॅप उघडून, वही-पेन घेऊन बसले.

‘कोन?’ काकांनी विचारलं. ‘उमेश कुठी गेला?’

मी ओळख सांगितली, मीटिंग सांगितली. ‘मीटिंग?’ काकांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, अक्षरं लहान झाली आहेत, उजेड कमी झालाय, आणि मधेच कोणती तरी बाई इंग्रजीत बोलते. त्या अ‍ॅपचा नऊ आकडी कोड मात्र त्यांनी न अडखळता घडाघडा वाचला. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

अकरा मिनिटं! अकरा मिनिटांत मी इथूनच अक्षरं मोठी केली, उजेड ठरवून टाकला, त्या इंग्रजी बाईला गप्प केलं, आणि समोर एकच मोठं चौकोनी बटण ठेवलं: उमेश. वर लहान मुलांच्या फोनला लावतात तसं कुलूप लावलं, म्हणजे कुणाच्या बोटाने काही हलायलाच नको.

‘काका, आता काहीही दाबा. काहीही बिघडणार नाही.’

‘काहीच नाही बिघडनार?’

‘काहीच नाही! कायमचं.’

‘बरं,’ काका म्हणाले. ‘लय उपकार झाले, बाई. ठेवू?’

मी उमेशला निरोप पाठवला: ‘कायमचा बंदोबस्त केला आहे.’ ग्रुपवरही टाकलं. का नाही टाकायचं? नीलेश म्हणाला, ‘आता पेढे वाट.’ मी म्हटलं, वाटीन.

तीन दिवसांनी उमेश घरी आला. रविवारी दीडला मी अंगणात होते. मुद्दामच होते, लपवत नाही.

‘बाबा, फोन बरा आहे?’

‘हाव. एकदम बरा.’

‘जेवले?’

‘जेवलो. तू?’

‘जेवलो.’

पलीकडे कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग काका म्हणाले, ‘ठेवू?’ उमेश म्हणाला, ‘ठेवा.’

एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं. मी कुंपणावरून डोकं काढलं. ‘बघ! झालं की नाही एका मिनिटात?’

‘हो वैनी. ग्रँड,’ उमेश म्हणाला. तो हसला, पण फोन खिशात घालायचं विसरला. तसाच हातात धरून उभा राहिला. मी विचारलं, ‘अरे, झालं काय?’ तो पोटावर हात धरून हळूच खुर्चीत बसला, आणि मग बोलला.

‘आई होती तेव्हा फोन आईच करायची. बाबा मागून ओरडायचे, त्याले विचार थंडी आहे काय. आई मला विचारायची, मी आईला सांगायचो, आई त्यांना सांगायची. आम्ही दोघं असे थेट कधी बोललोच नाही, वैनी. भांडण नाही हो. सवय नाही. आई गेल्यावर रोज एवढंच. जेवले? जेवलो. ठेवू? ठेव. मग एकदा त्यांच्या फोनचा आवाज गेला. तो शोधता शोधता पाऊण तास झाला, आणि त्यात कळलं की संध्याकाळी ते नुसतं दूध-पोळी खातात. भाजी करतच नाहीत. तोपर्यंत रोज मला “जेवलो” म्हणून सांगत होते.’

मी कुंपणाला टेकले.

‘दुसऱ्या दिवशी त्यांचं दुसरं काहीतरी बिघडलं. मग मीही घाई करणं सोडलं. दोन गोष्टी दुरुस्त करायच्या, एक उद्यासाठी ठेवायची. ते भाजी करायला लागले ते त्या चाळीस मिनिटांत. दोडका कसा चिरायचा ते मी त्यांना नेटवर बघून सांगायचो.’

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. ‘मला आधी सांगायचं नाही का?’ असं मी त्याच्यावरच खेकसले. तो म्हणाला, ‘काय सांगणार, वैनी?’ आणि खरंच, काय सांगणार होता?

सोमवारी मीच काकांना फोन लावला. म्हटलं, ‘काका, कोड वाचा. मी लावलेलं कुलूप काढते.’

‘कुलूप तं त्याच दिवशी निघालं,’ काका म्हणाले. ‘तुम्ही एक-दोन-तीन-चार ठेवलं होतं. मी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजात होतो, बाई.’

क्वालिटीची बाई, आणि एक-दोन-तीन-चार! मग न राहवून मी विचारलं, ‘मग परत बिघडवला का नाहीत?’

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

‘तुम्ही त्याले सांगतलं ना, कायमचा बरा केला म्हनून,’ काका हळूच म्हणाले. ‘आता मी बिघडला म्हनलं तं तुमचं काम खोटं पडते. परक्या बाईनं एवढं मनापासून केलं, अन् तिले खाली पाहाले लावायचं? बरं दिसते काय ते?’

‘पडू द्या, काका,’ मी म्हटलं. ‘खोटं पडू द्या माझं काम.’

मग मी ग्रुपवर लिहिलं. एवढा कठीण मजकूर मी कंपनीच्या तपासणीतसुद्धा कधी लिहिला नव्हता. ‘उमेशच्या बाबांच्या फोनची मी पार वाट लावून ठेवली आहे. चूक संपूर्ण माझी. उमेश, तुलाच निस्तरावं लागेल. बरेच महिने लागतील.’ ड्रोहेडाहून चौदा हसरे चेहरे आले. नीलेश जिन्यावरून खाली आला आणि त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितलं.

पुढच्या रविवारी दीडला मी कपडे वाळत घालत होते. ऊन होतं.

‘बाबा, काय करून ठेवलं हो त्या वैनींनी?’

‘सत्यानाश केला रे बावा! काहीच जागेवर नाही. शिकेल आहे म्हन्ते ना ती?’

‘क्वालिटीत आहे. औषधांच्या.’

‘औषधाच्या? अरे बाप्पा! तिथच्या गोळ्या पाहून खात जाय रे.’

उमेश मोठ्याने हसला. मग टाक्यांवर ताण आला असणार, ‘आई गं’ म्हणाला, आणि पुन्हा हसला. माझे कपडे वाळत घालून संपले होते. मी एक टॉवेल उतरवला, झटकला आणि परत घातला. वीस मिनिटं त्या दोघांनी मला मनसोक्त नावं ठेवली. मग दोडक्याची भाजी झाली, कुकरची रिंग झाली, पुन्हा माझी अक्कल झाली. मग उमेश एकदम थांबला.

‘बाबा, त्या दिवशी मीटिंग नव्हती. मी दवाखान्यात होतो. अपेंडिक्स काढलं माझं. आता बरा आहे.’

मी तो टॉवेल पुन्हा उतरवला.

‘दीड वाजता तुह्याऐवजी परकी बाई बोलली, तवाच मी समजलो होतो, काही तरी झालं म्हनून,’ काका म्हणाले. ‘पन विचारू कसं? उभा आहेस काय तू? बस पयले. बसला? आता सांग सगळं, पयल्यापासून. मले काही घाई नाही.’