उरलेलं औषध

उरलेलं औषध वाया घालवायचं नाही, एवढंच डोंगरकडा गावच्या मुंजाजीने ठरवलं होतं. बाकी सगळं मग आपोआप घडत गेलं.

त्याची धाकटी कोमल महिनाभर खोकत होती. साधा खोकला नव्हे. छातीत कफ खडखडायचा, सकाळी उठल्याबरोबर ढास लागायची. अडुळसा झाला, हळदीचं दूध झालं. शेवटी बायको राधिका तिला आखाडा बाळापूरला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सांगितलं, ओला खोकला इतका लांबला म्हणजे श्वासनळ्यांत जंतूंनी ठाण मांडलंय; अँटिबायोटिक दोन आठवडे द्यायचं, बरं वाटलं तरी मध्येच थांबायचं नाही.

त्यातच राधिकाला भावाच्या सोयरिकीसाठी नरसीला माहेरी जावं लागलं. जाताना तिने बाटली नवऱ्याच्या हाती दिली आणि बाईंचं सगळं पुन्हा बजावलं. मुंजाजीने मान हलवली. (मान हलवण्यात तो कधीच कमी पडला नाही.)

थोड्याच दिवसांत खोकला थांबला. कोमल बाटली बघून तोंड फिरवू लागली. बऱ्या झालेल्या लेकराच्या पोटात औषध काहून ढकलायचं, असं मुंजाजीला वाटलं. नेमकी तेव्हाच गोठ्यातली शेळी खोकायला लागली. उरलेलं औषध ती कोमलपेक्षा शहाण्यासारखी प्यायली, आणि दुसऱ्या दिवशी तिने चारा सोडला. गुरांच्या डॉक्टरांना 'काहीतरी खाल्लं असंल' एवढंच सांगून मुंजाजीने वेळ निभावून नेली. शेळी वाचली. राधिकाने परत आल्यावर रिकामी बाटली पाहून नवऱ्याचं कौतुक केलं. ते त्याने निमूट ऐकून घेतलं.

पंधरवड्यात कोमलची ढास परत आली.

या वेळी तिघंही बाळापूरला गेले. औषध पूर्ण झालं होतं का, असं बाईंनी विचारलं. राधिकाने अभिमानाने सांगितलं, यांनीच दिलं बराबर. बाई गंभीर झाल्या. पूर्ण औषध घेऊनही खोकला उलटतो, म्हणजे आत दुसरं काही आहे का ते शोधावं लागेल. कदाचित नांदेडला नेऊन, भूल देऊन, नळीने फुप्फुसं तपासावी लागतील. राधिकाने लेकीला जवळ ओढलं. तिचा हात कोमलच्या पाठीवरून फिरत राहिला, थांबेचना. मुंजाजी त्या हाताकडे बघत होता.

"बाई, औषध पुरं झालं," तो म्हणाला, "पण अर्धं शेळीनं घेतलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. राधिकाने लेकीला उचलून नवऱ्यापासून लांबच्या बाजूला बसवलं.

"शेळीचा खोकला गेला का?" बाईंनी विचारलं.

"खोकल्याचं ध्यानात न्हाई. शेळीच जाऊन राहिली होती."

बाई हसल्या नाहीत. वेळेवर सांगितलंत, नाहीतर लेकराला उगाच भूल द्यावी लागली असती, एवढंच म्हणाल्या. छातीचा फोटो ठीक आला. औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, ते राधिकाच्या हाताने. मुंजाजीला पाण्याचा पेला धरण्यापुरती परवानगी होती. खोकला गेला तो गेलाच.

पुढे थंडीत मुंजाजीलाच खोकला धरला. तो गुपचूप बाळापूरला त्याच बाईंकडे गेला आणि तेच औषध मागितलं. या वेळी पुरं घेतो, असं कबूलही केलं. बाईंनी समजावलं, ही साधी सर्दी आहे, तिला अँटिबायोटिक लागत नाही, आपोआप जाईल.

"लांबलाच तर मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा," त्या म्हणाल्या. "पण एकटे जाऊ नका. घरचं कुणीतरी मोठं माणूस सोबत न्या."