मोहर शाबूत

आग भिंतीतून येत नाही, ती दारातून येते. हा शोध आगीच्या बंदोबस्ताच्या महकम्यानं, म्हणजे सरकारी खात्यानं, फसली सन १३४६ (इंग्रजी १९३६-३७) मध्ये लावला. त्यासाठी जालन्याच्या आसपास जळालेल्या तीन जिनिंगांच्या राखेची बारकाईनं तपासणी झाली. तिन्ही ठिकाणी आग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत दारातूनच गेली होती, आणि तिन्ही ठिकाणी दार उघडं होतं (एका ठिकाणी ते बसवायचंच राहिलं होतं). सबब दोष कापसाचा नाही, विडीचा नाही, मालकाचा तर मुळीच नाही, दाराचा आहे, असं ठरलं. मालक मंडळींना ते ताबडतोब पटलं.

दारंच बुजवून टाकावीत, अशी एक सूचना आली होती. पण मग साहेबांनी मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आत जायचं कुठून, या अडचणीपायी ती मागं पडली. शेवटी हुकूम निघाला, की सरकी काढायचा हॉल आणि रुई साठवायची खोली यांच्यामधल्या दारावर न जळणाऱ्या कापडाचा पडदा टांगावा.

या मालकांपैकी काकासाहेबांच्या जिनिंगमध्ये असा पडदा मुंबईहून रेल्वेनं आला. वजन साडेतीन मण. तो दारावर लोखंडी दांड्याला गुंडाळून ठेवला आणि त्याचा दोर खाली खुंटीला बांधला. दोर सोडला की पडदा धाडकन खाली, आणि धूर, जाळ पलीकडच्या पलीकडे. वस्तू इतकी सोपी होती, की तिच्यासाठी नियम करणं भागच पडलं.

नियम एकोणीस झाले. पहिल्याच आठवड्यात पडदा अकरा वेळा पाडला गेला होता: चार वेळा काकासाहेबांच्या पाहुण्यांसाठी, सहा वेळा खुद्द काकासाहेबांसाठी आणि एकदा राजूरच्या गणपतीला निघालेल्या शहागडच्या वऱ्हाडासाठी (नवरदेवाच्या हस्ते). म्हणून नियम सातवा: दोराच्या गाठीवर लाखेची सरकारी मोहर राहील. नियम आठवा: मोहर तोडण्यासाठी तहसिलीत उर्दूतून तीन प्रतींत अर्ज करावा, आणि त्यात आगीचं कारण, लांबी, रुंदी व मुक्काम किती वेळ राहील याचा अंदाज नमूद करावा. नियम नववा: हुकूम येईपर्यंत आगीवर नीट लक्ष ठेवावं.

या साऱ्याला एक जबाबदार माणूस हवा होता. तो गिरिधर. पाच वर्षं हंगामी कारकून होता, आता हंगामी पडदा-दरोगा झाला. वर्षभर मोहर शाबूत राहिली, तर तो कायम होणार होता. त्याला घाई होती, कारण बायको प्रेमला लग्नापासून तीर्थपुरीला बापाकडेच होती. सासरे श्रीपतराव तत्त्वाचे पक्के. हंगामी जावयाकडे मुलगी कायमची पाठवता येत नाही, असं त्यांनी पत्रानं कळवलं होतं. गिरिधरला तिची फार आठवण येई. सरळ मनाचा, पापभीरू माणूस होता बिचारा, आणि अशा माणसांवाचून कुठलाच महकमा चालत नाही. रोज सकाळी तो मोहरेवरची धूळ मोरपिसानं झाडायचा आणि वहीत लिहायचा, 'मोहर शाबूत.'

त्या दारावर आधी एक ओलं तरट असे. ते झुंबरबाईचं. यंत्रात कापूस घालणाऱ्या बायकांची ती मुकादमीण. तिची थोरली बहीण अशाच एका जिनिंगच्या आगीत गेली होती, तेव्हापासून ती रोज दोन बादल्या पाणी ओतून तरट टांगायची. बिनपरवाना पडद्यामुळे सरकारी पडद्याचा अवमान होतो, म्हणून गिरिधरनं ते काढायला लावलं.

"राहू द्या की. तुमचं काय खाऊन राह्यलं ते?" झुंबरबाई म्हणाली.

"नियम बारावा आहे, बाई. माझ्या हातात न्हाई."

अकरा महिने एकोणतीस दिवस मोहर शाबूत राहिली. दुसऱ्या दिवशी महकम्याचे वरिष्ठ, मुहतमीमसाहेब, मुआयन्याला येणार होते. आदल्या दुपारी यंत्रात आलेल्या दगडाची ठिणगी उडाली की कुणाची विडी पडली कोण जाणे, रुईची खोली पेटली.

गिरिधरनं कर्तव्यात कसूर केली नाही. खुंटीपाशी बैठक मारून त्यानं अर्ज लिहायला घेतला. कारण: तपासाधीन. लांबी: वाढती. मुक्काम: आगीच्या मर्जीवर. धूर दारातून हॉलमध्ये शिरू लागला तसं त्याचं अक्षर जरा बिघडलं. हॉलमधून अंगणात जायचं दार एकच, तेही अरुंद, आणि बायका तिथं एकमेकींवर पडत होत्या.

झुंबरबाई उलटी फिरून त्याच्याकडे आली. "पडदा पाडा ना. काय लिहून राह्यले?"

"तिसरी प्रत राहिली. मंग शिपाई जल्दी जाईल."

"बाया गुदमरून राह्यल्या तिकडं."

"एक दिवस राहिलाय, झुंबरबाई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "फक्त एकच दिवस."

झुंबरबाईनं गाठोडी सोडवायचा विळा काढला आणि दोर गाठीच्या वर कापला. पडदा कोसळला. धूर तुटला. बायका खोकत, ठेचकाळत अंगणात आल्या, सगळ्या जिवंत. रुईची खोली जळून गेली. गिरिधरसमोर खुंटीला दोराचं शेपूट उरलं, त्यावर गाठ, गाठीवर मोहर. तिला चरादेखील पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुहतमीमसाहेबांनी सत्तेचाळीस प्रश्न विचारले. अर्जाची शाई कोणती, पडदा पडताना आवाज किती झाला, विळ्याला परवाना होता का. निष्कर्ष चोख निघाला: आग दार ओलांडून आलीच नाही, म्हणजे पडदा पाडण्याची गरज नव्हती, आणि मोहर शाबूत आहे, म्हणजे तो पाडलेलाही नाही. आग महकम्याच्या धाकानं आपोआप थांबली, अशी नोंद झाली. राहता राहिला सरकारी दोर. तो कोणी कापला, हे साक्षीदारानं स्वहस्ते लिहायचं होतं.

गिरिधरनं लेखणी दौतीत बुडवली. त्याला लाज वाटली, मग प्रेमला आठवली. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'झुंबरबाई.' तिला जिल्ह्यातल्या सर्व जिनिंगांत कामाची बंदी झाली, आणि त्याच कागदाच्या पाठीवर गिरिधर कायम झाला.

अंगठा उठवताना झुंबरबाई म्हणाली, "समदं इचारलं, सायेब. आत बाया किती व्हत्या, ते न्हाई इचारलं."

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. तसा रकानाच नव्हता.

आता महकम्याला हसणं सोपं आहे. पण वाचकहो, पडद्याचं वजन तुम्हाला ठाऊक आहे, नियम किती तेही ठाऊक आहे, आणि धूर दारातून आत येत असताना गिरिधर कायम होतो की नाही, याची काळजी तुम्हालाही लागलीच होती. आत बाया किती होत्या, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही.