बापूंची कारवारची तारीख

अमेय, केतकी,

शेजारच्या राज्यात गाडी जोरात चालवली म्हणून अमेयला तिथल्या पोलिसाने तिकीट दिलं. दंड पोस्टाने पाठवावा की चार तास गाडी हाकत त्यांच्या कोर्टात जावं, असं त्याने परवा फोनवर मला विचारलं आणि मला आपले बापू मयेकर आठवले. त्यांना असा प्रश्न कधी पडला नाही. ते जायचेच. माझं विसरणं वाढत चाललंय, म्हणून आजच लिहून ठेवते.

बापू आपले शेजारी. भाड्याच्या पांढऱ्या अँबॅसिडरचे मालकही तेच आणि ड्रायव्हरही तेच. स्वतःच्या फाटकातून गाडी बाहेर काढतानासुद्धा हा माणूस हात बाहेर काढून इशारा करायचा. रस्त्यावर कुत्रंही नसे. "इशारा कोणाला, बापू?" विचारलं की म्हणत, "कायद्याला." अंगात सदैव खाकी. एका लग्नात वरपक्षाच्या मंडळींनी त्यांना पोस्टमन समजून तार कोणाची ते विचारलं होतं.

स्वस्थ बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. चहाचा एक घोट घेतला की उठून दिवे बघून यायचे, दुसरा घेतला की टायर. तुमचे आजोबा म्हणत, "बापू, चहा गाडीतच पाठवू काय?"

ही चुळबूळ कशाची, ते सगळ्या आळीला माहीत होतं. बायको आधीच गेलेली. एकुलती एक सुनंदा कारवारच्या मुलाशी न विचारता लग्न करून निघून गेली, तेव्हा बापूंनी अंगणात उभं राहून चार घरांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कामाशिवाय त्या गावात पाय ठेवणार नाय." आणि शब्दाला ते पक्के.

पुढे दोनेक वर्षांनी एका सकाळी ते कागद घेऊन आले. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून.

"बाई, जरा माझा गुन्हा वाचा."

त्या काळी परराज्यात पोलिसाने अडवलं की दोन वाटा असत. जागच्या जागी दंड भरून पावती घ्यायची, नाहीतर लायसन त्यांच्याकडे ठेवून तारखेला तिथल्या कोर्टात हजर व्हायचं. शहाणी माणसं पावती फाडून मोकळी होत. बापूंचं लायसन कारवारला जमा होतं. छापील कानडीच्या मधे कोणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, अंगावर गणवेश नाही.

"गणवेश नाही? तुमच्या?"

"राज्य बदललं की कायदा बदलतो, बाई."

"गणवेशाचा नियम तिकडेही तोच असणार."

"तोच कसा? भाषा वेगळी ना."

"मग दंड भरून मोकळं व्हायचं होतंत."

"नाय नाय. कोर्टाने बोलावलंय. काम आहे. गेलंच पायजे."

वर्षभरात असे चार कागद वाचले. गुन्हा दर वेळी तोच. चौथ्यावर शेरा होता की पुन्हा असं घडलं तर लायसन निलंबित होईल. मी म्हटलं, "बापू, त्यावर पोट आहे तुमचं." ते फाटकाची कडी वरखाली करत राहिले. "तारीख कधीची लिहिलीय, तेवढं सांगा."

त्या तारखेला मैत्रिणीला भेटायचं निमित्त काढून मी त्यांच्या गाडीत बसले. गोवा संपत आला तशी त्यांनी गाडी कडेला घेतली, एका झाडामागे गेले आणि परत आले ते इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. केसांना तेलसुद्धा.

"हे काय, बापू?"

"उकडतंय."

काळी नदीचा पूल ओलांडला आणि हवालदाराने हात केला. खिडकीशी वाकून तो हसला. "आयज परत धवो सदरो?"

बापूंनी हात पुढे केला. "लिहा."

"ना," हवालदार म्हणाला. "आता लिहिलं तर लायसन जाईल तुमचं. चला, पुढे व्हा."

"लिहा हो. कायदा आहे." गुन्हा लिहून घ्या म्हणून पोलिसाच्या विनवण्या करणारा ड्रायव्हर मी तेवढाच पाहिला. हवालदाराने शिट्टी वाजवून आम्हाला हाकललं.

कोर्टात दंड भरला, लायसन मिळालं. बापू ते उलटसुलट करून बघत होते. आता पुढची तारीख नव्हती. मग त्यांनी गाडी एका गल्लीच्या तोंडाशी आणून उभी केली आणि बाहेर उभे राहिले. नुसते उभे. कॉलर नीट करत, चाकाला पाय लावून बघत.

सुनंदा कडेवर पोर घेऊन बाहेर आली. ती वाटच बघत असावी.

"बाबा, मिळालं लायसन?"

बापूंनी वरच्या खिशावर हात ठेवला. "नाय. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. जन्मभर मी वर्गातल्या मुलांच्या सबबी पकडल्या. मी म्हटलं, "हो ना. साहेब रजेवर आहेत."

"मग जेवून तरी जा," ती म्हणाली आणि पोर त्यांच्याकडे दिलं. पोराने खिशात हात घातला. बापूंनी तो हळूच बाहेर काढला आणि पोराला घेऊन तिच्यामागून आत गेले.

गाडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी विकली. आता रेल्वेने जातात. कारवारची तारीख अजून चालू आहे.