रतनचा गप्प हात

"हात दाखवा म्हणते ना, आत्याबाई! पदराखाली काय लपवलंय, गुळाची ढेप?"

"काय न्हाई गं."

"काय न्हाई, तर भाकरी एका हातानं का थापताय?"

रतनबाईनं अंगणात तोंड उघडलं की वलवणच्या धरणावरचे बगळे उडतात, असं लोक म्हणतात, आणि ते फार खोटं नाही. सासू झुंबरबाई अगदी उलट. विंचू चावला तरी शेजारी कुणाला कळू नये अशा बेतानं "आई गं" म्हणणारी.

झालं होतं असं; ट्रक निघेपर्यंत सांगून होईल. झुंबरबाईचा लेक, म्हणजे रतनचा नवरा केरबा, खंडाळ्याच्या एका बंगल्यावरचा माळी, क्षयानं पडला होता. इंजेक्शनं चालू होती, उतारही पडत होता. पण डॉक्टर म्हणाले, घरातल्यांनाही बघायला हवं. त्यांनी सासू-सुनेच्या डाव्या हाताला कातडीतच बारीक सुई टोचली, भोवती पेनानं गोल काढला आणि बजावलं, "परवा येऊन गाठ आलीय का बघतो. चोळायचं नाही, काही लावायचं नाही."

रतनचा हात होता तसाच राहिला. झुंबरबाईच्या गोलात मात्र लाल गाठ आली.

रतननं पदर ओढला, गाठ बघितली, आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलली. "डाक्टरनं बघितलं तर तुमाला दवाखान्यात न्हेतील की."

"न्हेऊ दे. माज्याकडनंच लागलं आसंल केरबाला." म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तेही बिनआवाजाचं.

"गप बसा! कोन न्हेतंय बघते मी."

मावळात सूज म्हटली की निरगुडी. रतननं पाला शेकून बांधला. गाठ हटेना. मग चुना-गुळाचा लेप. हात भाजल्यासारखा झाला आणि सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी झाली. रतन गाठीलाच शिव्या द्यायला लागली, तेवढ्यात बाहेर डॉक्टरांची सायकल वाजली.

तिनं सासूला आत ढकललं आणि स्वतःचा हात पुढं केला. डॉक्टरांनी बोटानं चाचपलं. "अगदी सपाट. आता आजींना बोलवा."

"त्या परक्या मानसाम्होरं येत न्हाईत."

"मागल्या वेळी तर चहा दिला मला."

"आता बंद केलंय."

"बरं, नुसता हात काढू दे दारातून."

रतन आत पळाली. बांगड्या उतरवल्या, चुलीतल्या कोळशानं आपल्या उजव्या हातावर गोल काढला, आणि सासूच्या लुगड्याच्या पदरातून तो हात फटीबाहेर काढला.

डॉक्टर बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. "आजी, वय काय तुमचं?"

"साठ!"

बगळे उडाले.

खाटेवर पडलेला केरबा हसता हसता खोकला. "डाक्टर, माज्या आयला एवढा आवाज आसता, तर मी ल्हानपणीच रानात पळालो आसतो की हो!"

शेवटी दोघी बाहेर आल्या. डॉक्टरांनी तो चुना-गूळ बघितला आणि कपाळाला हात लावला. मग लेप धुऊन, सूज निरखून म्हणाले, "रडताय कशाला? हा जंतू तुमच्या अंगात कधीतरी शिरलाय, एवढंच. खोकला नाही, ताप नाही. छातीचा एक फोटो काढू. आणि लेकाला तुमच्याचकडून लागलं, हे कुणी सांगितलं?"

"मंग ही गाठ?"

"सांगतो. आपल्या अंगात खादाड पेशी असतात. जंतू दिसला की गिळतात. पण हा जंतू बिलंदर. गिळला तरी मरत नाही, खादाडाच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो. आणि खादाड बसतो सुस्त."

"म्हंजी आमचं ह्ये," रतन म्हणाली. केरबानं तोंड भिंतीकडे केलं.

"मग दुसऱ्या पेशी असतात, बारक्या. त्या जंतूला ओळखतात आणि बोंब मारतात. म्हणजे एक रस सोडतात. तो लागला की खादाड खडबडून उठतो आणि पोटातल्या जंतूला मारायला लागतो. हे आत्ता आत्ता कळायला लागलंय. आजींच्या हातावर जी सूज आहे ना, ती त्या बोंबेला जमलेली गर्दी आहे."

"आमच्या आत्याबाईंच्यात बोंब?" रतनला पटेना. "आन् माज्यात?"

"तुमचा हात गप्प आहे. तुमच्या पेशींनी हा जंतू अजून बघितलेलाच नाही. म्हणून तुम्हाला लस टोचायची. ओरडायला शिकवायची."

"हिला?" केरबा भिंतीकडून वळला. "डाक्टर, शपत हाय, नका शिकवू!"

सुई बघून रतनचं तोंड पांढरं पडलं होतं. सासूसाठी दोन दिवस जगाशी भांडलेली बाई आता डोळे घट्ट मिटून भिंतीला टेकली. डॉक्टरांनी दंड धरला.

"सावकास! लेकरू हाय ते माजं!"

डॉक्टरांच्या हातातली सुई खाली पडली. केरबा उठून बसला. रतननं वळून बघितलं. ओरडली होती झुंबरबाई. स्वतःच्याच आवाजानं घाबरून तिनं तोंडावर पदर घेतला, पण दुसऱ्या हातानं, त्याच सुजलेल्या हातानं, सुनेचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

मग रतन जी रडायला लागली, ती धरणावरचे बगळे पुन्हा उडाले... बघा, आमचा ट्रकवाला केव्हाचा हॉर्न बडवतोय, गोष्ट संपेपर्यंत जरा दम नाही त्याला. मला आता निघायलाच हवं.