सरांची नाव आणि हरवलेलं अवतरणचिन्ह

सकाळपासून सर बायकोच्या लॅपटॉपसमोर ठाण मांडून बसले होते आणि त्यांना फक्त एक अवतरणचिन्ह हवं होतं.

सरांनी जन्मभर गणित शिकवलं, पण त्यांचा खरा अभिमान वेगळाच होता. तरुणपणी त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर नाव नदीपार नेण्याचा एक खेळ लिहिला होता. ही कथा ते इतक्यांदा सांगत की मेहुणा म्हणायचा, "भाऊजी, तो खेळ कुणी पाहिलाय का?" मेहुणा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांचे दात काढायचा आणि इथे आला की स्वतःचे. आज तो जेवायला येणार होता, आणि त्याचे दात त्याच्याच घशात घालायचे, असा सरांनी चंग बांधला होता.

जावयाने जुन्या फ्लॉपीवरचा खेळ उतरवून दिला होता. जुन्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेणारा एक प्रोग्रामही टाकून दिला होता. पण सोंग नुसतं पडद्यावरचं, कीबोर्ड आजचा. खेळाचं नाव अवतरणचिन्हांत लिहिल्याशिवाय खेळ सुरू होईना, आणि अवतरणचिन्हाचं बटण दाबलं की उमटायचा कंस. कंसाचं दाबलं की ईमेलच्या पत्त्यातलं ते वेटोळं.

"म्हणजे कीबोर्डच चुकीचा आहे," सरांनी निदान केलं आणि सेटिंगमध्ये शिरून कीबोर्डचा देशच बदलून टाकला. मग विजयाचा चहा करायला ते स्वयंपाकघरात गेले. परत आले तर लॅपटॉप झोपी गेलेला आणि पासवर्ड घेत नव्हता.

"अहो, काय केलंत?" बायको धावत आली. तिला भाषांतराचं काम जेवणाआधी पाठवायचं होतं. "माझाच पासवर्ड मला चुकीचा म्हणतोय!"

"शांत राहा. काय टाइप होतंय ते उघडून बघ."

तिने डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारली. पासवर्डातलं वेटोळं गायब होतं. त्या जागी अवतरणचिन्ह ऐटीत बसलं होतं.

"सापडलं!" सर ओरडले. "दोनच्या बटणावर होतं गं! आमच्या जुन्या मशीनवरही तिथेच होतं!"

"तुमचं सापडलं, माझं हरवलं त्याचं काय?"

"ते अवतरणचिन्हाच्या जागी गेलं असणार. अदलाबदल झालीय, बाकी काही नाही."

झालंही तसंच, लॅपटॉप उघडला. बायकोने काम पाठवलं, पण सरांशी बोलणं बंद ठेवलं. सरांना त्याची खबरही नव्हती. नाव चालवायची बटणं आजच्या कीबोर्डवर एकेक घर सरकली होती. चिकटपट्टीचे तुकडे कापून, त्यांवर 'डावीकडे', 'उजवीकडे' लिहून त्यांनी ते नव्या जागी चिकटवले.

मेहुणा आला तेव्हा पडद्यावर नाव डुलत होती.

"अरेच्चा! खरंच आहे की!" तो खुर्चीच्या काठावर टेकला. सरांनी ऐटीत सुरुवात केली. पण बोटांना जुन्याच जागा पाठ. ती पट्ट्यांकडे बघायला तयार नव्हती. नाव पहिल्याच खडकावर आपटली. दुसऱ्या वेळी त्याच खडकावर. तिसऱ्या वेळी काठ सुटायच्या आधीच.

"सरका हो भाऊजी," मेहुणा म्हणाला. त्याने सरांचं ते जुनं मशीन जन्मात पाहिलेलं नव्हतं. आठवायला काहीच नसल्यामुळे तो पट्टी वाचायचा आणि दाबायचा. बघता बघता नाव पलीकडे लागली. पीं पीं करत एक धून वाजली आणि पडद्यावर अक्षरं सरकू लागली.

तिथे काय येणार, हे त्या क्षणी सरांना लख्ख आठवलं. विशीतल्या सरांना वाटलं होतं, हा खेळ आपल्याशिवाय कोण जिंकणार!

मेहुण्याने ते खड्या आवाजात वाचलं, "'शाबास! या घरात तुमच्याइतका हुशार माणूस दुसरा नाही.' ताई, इकडे ये गं! भाऊजींनी स्वतः लिहिलंय!"

ताई आली. तिने पडदा वाचला, नवऱ्याकडे पाहिलं आणि पासवर्डच्या प्रकरणानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"अहो, हे छापून मिळेल का?"