मातृभाषा: आढळली नाही

शाळा निवडण्याचे काम पालकांवर सोपवलेले असते, कारण तिथे त्यांना बसायचे नसते.

पुष्कर आणि यशश्री चार वर्षे रॉटरडॅमला राहून मायदेशी, व्हाइटफील्डला आले. कंपनीच्या कागदांवर ते ‘परदेशातून आलेले कुटुंब’ होते. (मूळ गाव नागपूर, त्यासाठी रकाना नव्हता.) रॉटरडॅमला त्यांची सात वर्षांची मुलगी भूमिका गल्लीतल्या सरकारी शाळेत पायी जायची, आणि पुष्कर हे नागपूरच्या नातेवाइकांना फोन करकरून कौतुकाने सांगायचा.

व्हाइटफील्डलाही सरकारी शाळा सोसायटीच्या फाटकासमोरच होती. मुख्याध्यापक मंजुनाथ यांनी भूमिकाचे नाव विचारले, दाखला पाहिला आणि कानडी ढंगाच्या हिंदीत म्हणाले, “सरी सार, सोमवार से भेजिए.” इतक्या सहज प्रवेश मिळतो म्हटल्यावर पुष्करचा त्या शाळेवरचा विश्वास उडाला. तेवढ्या वेळात भूमिका तिथल्या मुलींबरोबर लंगडी खेळून, गुडघा फोडून, हसत परत आली होती. पण शाळा निवडण्यासाठी पुष्करने केलेल्या बत्तीस रकान्यांच्या तक्त्यात लंगडीला गुण नव्हते.

तक्त्यात पहिली आली ती सव्वा तासावरची आंतरराष्ट्रीय शाळा. तिथे घोडे होते. घोड्यांआधी मुलाखत होती. तयारी म्हणून तीन आठवडे घरात मराठी बंद झाली. नवराबायकोला इंग्रजीत नीट भांडता येईना, त्यामुळे घरात शांतता नांदू लागली. मग भूमिकाही बोलेनाशी झाली. (पुष्करने सराव चालूच ठेवला.)

मुलाखतीला सौम्या मॅडम होत्या. त्या प्रेमाने म्हणाल्या, “बेटा, तुझ्या मातृभाषेत एखादी गोष्ट सांग. आमच्या शाळेत मातृभाषेला फार मान आहे.”

भूमिकाने बाबांकडे पाहिले आणि मान खाली घातली. “नॉट अलाउड.”

निकाल सभ्य भाषेत आला. मातृभाषा: आढळली नाही. सहा महिन्यांत प्राप्त करून पुन्हा यावे.

त्याच संध्याकाळी पुष्करने जाहीर केले, “आजपासून घरात फक्त मराठी!”

“खरंच बोलू?” भूमिकाने खात्री करून घेतली. “मग बाबा, समोरची शाळा का नको? रॉटरडॅमला तर मी तसल्याच शाळेत जायचे ना?”

पुष्करने तक्ता वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिला. मग म्हणाला, “आधी जेवून घे.”

वाचकांनी हसण्याआधी भूमिकाला उत्तर द्यावे. भाषेची अट नाही. फक्त ‘आमची गोष्ट वेगळी आहे’ एवढे म्हणू नये. जेवण झाल्यावर पुष्करने तेच सांगितले.